नकाशा, धनुर्वात आणि आमच्या मॅडम

अकरावीला मानसशास्त्र घेतलं ते गणित टाळायला. पण मॅडमनी पहिल्या महिन्यातच गोडी लावली. आरोग्याचं आणि समाजाचं मानसशास्त्र हा त्यांचा खास प्रांत. त्यातही अमेरिकेतले प्राध्यापक हॉवर्ड लेव्हेन्थल यांचं नाव निघालं, की तास संपल्याची घंटाही त्यांना ऐकू येत नसे.

येल विद्यापीठातला, १९६५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग मॅडम रंगवून सांगत. मुलांना धनुर्वातावरच्या पुस्तिका वाचायला दिल्या. काहींत साधी माहिती, काहींत अंगावर काटा आणणारे फोटो. फोटो बघून मुलं घाबरली, लस घ्यायलाच हवी म्हणाली. पण नुसत्या पुस्तिकेवर प्रत्यक्षात गेली जेमतेम ३ टक्के! काहींना मात्र दवाखान्यावर खूण केलेला नकाशा दिला आणि आठवड्यात कधी जमेल ते ठरवायला सांगितलं. त्यांतली सुमारे २८ टक्के मुलं टोचून आली.

“बरं का, ही शेवटच्या वर्षाची मुलं. दवाखाना कुठे आहे हे त्यांना ठाऊकच होतं,” एवढं बोलून मॅडम थांबायच्या. मागच्या बाकावरून “मग नकाशा कशाला?” आलं, की त्यांची कळी खुलायची. भीतीही थोडी लागतेच, नुसत्या नकाशानं कोणी हलत नाही, हेही त्या बजावत.

आता मी रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांना समुपदेशन करते. आमच्या भिंतीवर तोंडाच्या कर्करोगाची भयंकर पोस्टरं आहेत. त्याच भिंतीला टेकून लोक निवांत तंबाखू मळतात.

लेव्हेन्थल यांनी पुढे रक्तदाबाच्या रुग्णांचाही अभ्यास केला. वाढलेला रक्तदाब आपल्याला जाणवतो, असं बहुतेकांना वाटायचं, आणि त्या अंदाजानं गोळी घेतली किंवा सोडली जायची. आमच्याकडच्या एक मावशी अगदी हेच म्हणाल्या, “डोकं जड न्हाई, मग गोळी कशाला? गरम पडती.”

त्यांना अर्धांगवायूची भीती घालून झाली होती. मी विचारलं, “मावशी, गोळ्या ठेवता कुठे?”

“फडताळात, डब्यामागं.”

“आणि सकाळी उठल्यावर पहिल्यांदा हात कशाला लागतो?”

“चहाच्या डब्याला.”

मग गोळ्यांची पट्टी रबरबँडनं त्या डब्यालाच बांधायची ठरली. पुढच्या खेपेला मावशी रिकामी पट्टी घेऊन आल्या. गोळी गरम पडते, हे त्यांचं म्हणणं मात्र कायम आहे.