कुंपण नसलेलं शिवार: नॉटिंगहॅमशरमधलं लॅक्स्टन

इंग्लंडमधलं खेडं पाहायचं ठरलं की आपली मंडळी कॉट्सवोल्ड्सकडे वळतात. मधाच्या रंगाच्या दगडांची घरं आणि दारातल्या फुलांच्या कुंड्या सुंदरच असतात. पण ज्यांच्या घरात कुणाचं तरी नाव सातबाऱ्यावर आहे, किंवा कधीकाळी होतं, त्यांनी लॅक्स्टनला जावं असं मी आग्रहाने सांगेन. गाव दिसायला साधं आहे. लाल विटांची घरं, एक चर्च, एक पब. पाहायचं ते घरांच्या मागे पसरलेलं शिवार.

मध्ययुगात मध्य इंग्लंडच्या बऱ्याच गावांत शेती एकाच रीतीने चाले. गावाभोवती दोन-तीन अवाढव्य शेतं, त्यांना आत कुठेही कुंपण नाही. प्रत्येक कुटुंबाचे लांबट पट्टे या सगळ्या शेतांत विखुरलेले, म्हणजे कसदार जमीन आणि पाणथळ जमीन सगळ्यांच्याच वाट्याला. एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड, दरवर्षी फेरपालट. कधी काय पेरायचं आणि गुरं कधी सोडायची हे गाव मिळून ठरवी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून ही शेतं वाटून कुंपणात घातली आणि गरिबांचे चराईचे हक्क त्यात गेले. लॅक्स्टनचाही काही भाग कुंपणात गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अरुंद पट्टे एकत्र करून रुंद केले गेले. तरी मिल फील्ड, साउथ फील्ड आणि वेस्ट फील्ड ही तीन शेतं अजून जुन्याच रीतीने कसली जातात. पडीची जागा आता बहुधा गवताने किंवा चाऱ्याने घेतली आहे, एवढाच फरक.

सुरुवात डव्हकोट इन या पबमागच्या छोट्या माहिती केंद्रापासून करा. तिथली माहिती आधी वाचली नाही तर बाहेर नुसती शेतंच दिसतील. मार्क पिअर्सने १६३५ साली केलेल्या गावाच्या नकाशाची ओळख इथेच होते. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात एकेक पट्टा आखलेला आहे, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी माणसंही चितारली आहेत. हा नकाशा करवून घेतला तो गावाचा तेव्हाचा जमीनदार, लंडनचा व्यापारी सर विल्यम कोर्टन याने. त्याच १६३५ साली पहिल्या चार्ल्स राजाने कोर्टनच्या मंडळींना ईस्ट इंडिया कंपनीला डावलून पूर्वेकडे व्यापार करायची मुभा दिली. जॉन वेडेलच्या हाताखाली त्यांची गलबतं १६३६ मध्ये निघाली आणि गोव्याला पोहोचली. नॉटिंगहॅमशरच्या चिखलातली शेतं आणि मांडवीचं बंदर एकाच माणसाच्या हिशेबात होती, हे कळल्यावर मी त्या नकाशापाशी बराच रेंगाळलो.

मी जूनमध्ये गेलो होतो. गावातून निघणाऱ्या गवताळ गाडीवाटेने गव्हाच्या शेतात शिरलो, तर नजर पोहोचेल तिथवर गहू आणि मध्ये एकही बांध नाही. नीट पाहिलं की एका पट्ट्यातला गहू जरा गडद, शेजारचा जरा उंच दिसतो. एका शेतकऱ्याची हद्द संपून दुसऱ्याची कुठे सुरू झाली, ते त्यावरून ओळखायचं. उताराच्या तळाशी, पाणी वाहतं तिथे, नांगर न लागलेल्या गवताच्या पट्ट्या आहेत. त्यांना तिथे ‘साइक’ म्हणतात. शतकानुशतकं नांगरल्या न गेल्यामुळे त्यांत रानफुलं टिकली आहेत, आणि काही साइकना त्यासाठी कायद्याचं संरक्षणही आहे. फुलं पाहायची तर जूनच गाठा.

बांध नसताना भांडणं कशी होत नाहीत? होत असणारच. पण ती मिटवायला गावाचं स्वतःचं न्यायालय आहे, ‘कोर्ट लीट’. नोव्हेंबरच्या अखेरीस, गहू उगवून आल्यावर, गावातले पंच त्या वर्षीच्या गव्हाच्या शेतात फिरतात. हद्दीच्या जागी खुंट्या ठोकतात. कुणी वाटेवर किंवा साइकमध्ये नांगर घातला असेल तर दंड ठरवतात. दुपारचं जेवण पबमध्ये. पुढच्या आठवड्यात त्याच पबमध्ये न्यायालय भरतं, दंड वाचून दाखवले जातात आणि पुढच्या वर्षीचे पंच शपथ घेतात. दंड किरकोळ असतो, पण ज्याला तो होतो त्याचं नाव शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर वाचलं जातं. १९७७ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या असल्या जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, लॅक्स्टनचे मात्र राखले. मला या गावातलं सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच: वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून शेतात चालायचं आणि हद्द डोळ्यांसमोर पक्की करायची. हातभर बांधासाठी भावाभावांनी तालुक्याच्या कोर्टात उमेदीची वर्षं घालवलेली मी जवळून पाहिली आहेत.

जमीन कसणारे इथे कुळं आहेत. मॅनव्हर्स घराण्याने १९५२ मध्ये हे गाव सरकारच्या शेती खात्याला विकलं, १९८१ मध्ये ते राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेलं आणि २०२० मध्ये पुन्हा थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे जुन्या मॅनव्हर्स जहागिरीकडेच आलं. मालक बदलले, पण पद्धत प्रत्येकाने चालू ठेवली.

गावातून चालताना घरांची ठेवण पाहा. शेतकरी शेतात वस्ती करून न राहता गावातच राहतो. घर रस्त्यालगत आणि मागे लांबट परडं. मोकाट गुरं अडकवायचा कोंडवाडाही जपलेला आहे. सेंट मायकेल चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्याच्या समाध्यांवरच्या मूर्ती आहेत. त्यांतली एका स्त्रीची मूर्ती ओक लाकडाची आणि चौदाव्या शतकातली आहे, ती चुकवू नका. उत्तरेला नॉर्मन काळातल्या किल्ल्याची गवताने झाकलेली टेकडी आहे. तटबंदी, बुरूज यांची अपेक्षा ठेवू नका. खंदक आणि मातीचे उंचवटे मात्र ठसठशीत आहेत.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून नेवार्क नॉर्थ गेटला रेल्वेने साधारण दीड तासात पोहोचता येतं. तिथून पुढे टॅक्सी घ्या आणि परतीची वेळ तेव्हाच ठरवून टाका, कारण बसच्या भरवशावर हे गाव करणं कठीण आहे. स्वतःची गाडी असेल तर ए-१ वरून टक्सफर्डला बाहेर पडा, तिथून गाव अगदी जवळ आहे. माती चिकण आहे. पावसानंतर बुटाला किलोकिलोचा चिखल लागतो, तेव्हा घोट्यापर्यंतचे बूट हवेतच. माहिती केंद्र आणि पबचं स्वयंपाकघर चालू आहे का ते आधी विचारून घ्या. शाकाहारी असाल तर दशम्या बरोबर ठेवलेल्या बऱ्या. उभ्या पिकात पाऊल टाकू नका, सार्वजनिक पाऊलवाटा खुणांनी दाखवलेल्या आहेत. पंचांची फेरी पाहायची असेल तर त्या वर्षीची तारीख आधी विचारा आणि लांबून पाहा. ते त्यांचं कामकाज आहे.

गावाच्या हद्दीतच नॅशनल होलोकॉस्ट म्युझियम आहे, १९९५ मध्ये सुरू झालेलं. तिथे जाणार असाल तर वेगळा दिवस ठेवा. शेरवूडच्या जंगलातला मेजर ओक हा प्रसिद्ध जुना ओक वृक्ष मात्र त्याच दिवशी संध्याकाळी सहज होतो.