एक लाख अडतीस हजार किलोमीटरनंतरचं ऑइल

आमची वॅगन आर 2007 ची, पेट्रोल, एमएच-03 पासिंग. बाबांनी घेतली, गेली सहा वर्षं मी चालवतोय. पंधरा वर्षं भरल्यावर वडाळा आरटीओतून पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. त्यामुळे ती विकायचा विचार डोक्यात नव्हता. मीटर एक लाख अडतीस हजारांपुढे गेला आणि सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक भपका यायला लागला, म्हणजे इंजिनातलं ऑइल जळत होतं. तळमजल्यावरच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या.

नेहमीच्या गॅरेजमध्ये दाखवली. बॉनेट उघडायच्या आधीच उत्तर मिळालं, "साहेब, गाडी म्हातारी झाली, आता जाड ऑइल टाका." 20डब्ल्यू-50 भरून दिलं. धूर थोडा कमी झाला, पण सकाळी टॅपेटची (इंजिनच्या वरच्या भागात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) टकटक आधीपेक्षा जास्त वेळ चालायची, गाडी ओढायला जड वाटायची आणि दीड महिन्यात ऑइल पुन्हा खालच्या खुणेला टेकलं.

तेव्हा मी बाबांची वही काढली. ग्लोव्ह बॉक्समध्ये असायची ती, पेट्रोल आणि ऑइलच्या नोंदींची. एका पानावर त्यांच्या बारीक अक्षरात "ऑइल बदलले, 62,410, वर टाकावे लागले नाही". ती ओळ वाचल्यावर कळलं, की माझ्याकडे असा एकही आकडा नाही. ऑइल किती जातंय हे न मोजताच मी ग्रेड बदलत होतो.

मग दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, सपाट जागेवर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी इंजिनातली सळई, बघायला लागलो. आमच्या पार्किंगला किंचित उतार आहे, तिथे बघितलं की चूक येते, म्हणून गाडी रात्रीच गेटजवळ लावायचो. वर टाकायला एक लिटरचा कॅन ठेवला. त्याच्या बाजूला मापाची पारदर्शक पट्टी असते, त्यावर मार्करने तारीख घालायची. हिशेब निघाला हजार किलोमीटरला साधारण 600 मिली.

मधल्या काळात आकड्यांचा अर्थही समजून घेतला. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंड असताना किती वाहतं ते सांगतो, नंतरचा 100 अंश सेल्सिअसला किती जाड राहतं ते. मुंबईत कुठली आलीय थंडी, पहिल्या आकड्याशी आपला काय संबंध, असं मला वाटायचं. पण रात्रभर उभं राहून 28 अंशांवर आलेलं इंजिनसुद्धा ऑइलच्या दृष्टीने थंडच. जाड ऑइल वर टॅपेटपर्यंत चढायला वेळ घेतं आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. माझी सकाळची टकटक तीच होती.

भांडुपचे एक जुने मेकॅनिक आहेत, त्यांच्याकडे वही घेऊन गेलो. ते म्हणाले, "आधी तेल जातंय कुठं ते बघू, ग्रेडचं मग." त्यांनी विचारलं, धूर कधी येतो? फक्त सुरू करताना, एक्सलेटर दाबल्यावर नाही. म्हणजे संशय पिस्टनभोवतीच्या रिंगांपेक्षा व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणाऱ्या रबरी सीलवर. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं, चारही सिलिंडर जवळपास सारखे आले. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ आणि वायू बाहेर काढणारी झडप) काजळीने चिकटलेला होता आणि टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधूनही तेल पाझरत होतं. हेड उतरवल्यावर त्यांनी जुनी सील माझ्या हातावर ठेवली. रबर कसलं, बांगडीच्या काचेसारखं कडक झालेलं. नखाने दाबलं तर तुकडा पडला. सगळं मिळून साडेनऊ हजार लागले.

ग्रेड त्यानंतर ठरली. गाडीच्या मॅन्युअलमध्ये तापमानाच्या पट्ट्यासमोर चालणाऱ्या ग्रेड दिलेल्या असतात. त्यात बसणारं 10डब्ल्यू-40 सेमी-सिंथेटिक घेतलं. डब्यावर एपीआय या अमेरिकन संस्थेची एसएन ही दर्जाची श्रेणी आहे हेही पाहिलं. पेट्रोल इंजिनांसाठीची ही श्रेणी 2010 ची आहे, एसपी 2020 ची, आणि नवी श्रेणी जुन्या गाडीला चालते. काही डब्यांवर 'हाय मायलेज' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ अॅव्हरेज वाढवणारं असा नाही. जास्त धावलेल्या इंजिनची सील मऊ राहावीत अशी द्रव्यं त्यात असतात. पण माझ्या सीलसारखी काच झालेली असेल तर ती बदलावीच लागते. इंजिन फ्लश, म्हणजे रसायन घालून इंजिन आतून धुणं, हेही भांडुपच्या मेकॅनिकनी करू दिलं नाही. जुना गाळ एकदम सुटून स्ट्रेनरमध्ये (ऑइल पंपाच्या तोंडाच्या जाळीत) अडकला तर ऑइलचा दाबच जातो.

बदलायची वेळ मी पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते, अशी ठेवलीय. मुलुंड ते विक्रोळी रोज ट्रॅफिकमध्ये रखडताना मीटर थांबतो, इंजिन चालूच असतं. आणि पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनी आत ओल धरते. फिलरच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर ती हीच, मात्र कूलंटही (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत असेल तर हेड गॅस्केट दाखवावं.

रिकामा डबा भंगारात देताना भोक पाडून देतो, नाहीतर त्यातच बनावट ऑइल भरून विकतात. काढलेलं ऑइल गटारात ओतू देत नाही, रीसायकलसाठी जमा करणाऱ्या गॅरेजलाच देतो.

परवाची नोंद: 1,43,260. हजार किलोमीटरला 150 मिली.