पट्टी लावायचीच, पण कधी ते तू सांग

माझ्या लेकीच्या डाव्या डोळ्याची नजर कमी आहे हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पाच वर्षांची होती. चित्रं रंगवायची, आजीच्या पोथीतली अक्षरं बोटाने दाखवायची, अंगणात पळायची. डोळे चोळणं नाही, डोकं दुखल्याची तक्रार नाही. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं तेव्हा हे कळलं. हा कार्यक्रम २०१३ साली पालघरमधून सुरू झाला. त्यांची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलांना तपासतात. तिथल्या डॉक्टरांनी तिचा एकेक डोळा झाकून पाहिला आणि चिठ्ठी लिहून दिली : डोळ्यांच्या डॉक्टरांना लवकर दाखवा.

आम्ही सांगलीत राहतो, त्यामुळे मिरज गाठली. डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, नंबर काढला. उजव्याला प्लस एक, डाव्याला प्लस साडेचार. उजव्याने सगळं नीट दिसत होतं, म्हणून मेंदूने डाव्याकडून येणारं धूसर चित्र घेणंच सोडलं होतं. यालाच आळशी डोळा म्हणतात. डाव्या डोळ्याने तिला ६/२४ ची ओळ कशीबशी वाचता येत होती, म्हणजे निरोगी डोळ्याला जे २४ मीटरवरून दिसतं ते तिला सहा मीटरवरून; चांगली नजर ६/६ असते. आधी काही आठवडे नुसता चष्मा दिला, कारण काही मुलांची नजर तेवढ्यानेही बरीच सुधारते. तिची ६/१८ पर्यंत आली आणि तिथेच अडली. मग पट्टी आली. चांगला डोळा रोज दोन तास झाकून ठेवायचा, म्हणजे कमजोर डोळ्याला काम करावंच लागतं.

दोन तासांनी काय होणार, असं मला वाटलं होतं. डॉक्टरांनी समजावलं की अमेरिकेत सात वर्षांखालच्या १८९ मुलांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मध्यम स्वरूपाच्या आळशी डोळ्यासाठी सहा तासांच्या पट्टीइतकाच गुण दोन तासांच्या पट्टीने आला होता. मात्र ते दोन तास रोज आणि पूर्ण व्हायला हवेत. खरा प्रश्न तिथेच होता. डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांनी भेटणार. रोजचं काम आमचं आणि त्या पाच वर्षांच्या मुलीचं.

पट्टी चिकटवली की तिच्यासाठी काय होतं, हे मी आधी नीट समजून घेतलं. बाकी औषधं कडू असतात, पण ती घेतल्यावर बरं वाटतं. इथे उलटं आहे. छान दिसत असलेलं जग आपण तिच्यापासून काढून घेतो आणि म्हणतो, हे तुझ्या भल्यासाठी. तिने पहिल्या दिवशी पट्टी ओढून काढली. आत्या म्हणाली, "फार हट्टी झालीय हो." मला त्यात हट्ट दिसला नाही. ज्या डोळ्याने दिसतं तो कुणी झाकला तर मोठं माणूसही हात झटकेल.

या सगळ्यात मला सगळ्यात मोलाची वाटली ती दवाखान्यातली ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून नंबर काढणारी ताई. ती आमच्याशी बोलायच्या आधी लेकीशी बोलली. स्टूल बाजूला सारून तिच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "तुझा उजवा डोळा फार कामसू आहे. सगळं तोच बघतो, त्यामुळे डाव्याला शिकायलाच मिळत नाही. आपण रोज उजव्याला थोडी सुट्टी देऊ. सुरुवातीला अंधूक दिसेल. तुला राग येईल. आला की आईला सांगायचं."

"दुखेल?" लेकीने विचारलं.

"लावताना नाही. काढताना थोडं ओढल्यासारखं वाटेल."

खोटं काही सांगितलं नाही. "काही होत नाही बाळा" असं ती म्हणाली असती तर पट्टी पहिल्यांदा निघताच तिच्या शब्दाची किंमत गेली असती. काढताना खरंच ओढल्यासारखं झालं आणि लेक म्हणाली, "ताई म्हणाली होती तसंच झालं." त्या दिवसापासून तिचा त्या ताईवर विश्वास बसला.

पुढे वाचताना समजलं की नेदरलँड्समध्ये पट्टी लावणाऱ्या मुलांवर याचाच अभ्यास झाला आहे. काही मुलांना उपचार समजावणारी बिनशब्दांची चित्रकथा दिली, काहींना बक्षिसाच्या स्टिकरची दिनदर्शिका, काहींच्या पालकांना माहितीपत्रक. पट्टी खरोखर किती वेळ डोळ्यावर राहिली हे यंत्राने मोजलं. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मुलांनाच समजावून सांगणाऱ्या चित्रकथेचा. मला याचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही. आपण मुलांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतो आणि मग ती ऐकत नाहीत म्हणतो.

घरी आल्यावर मी आणि नवऱ्याने एक गोष्ट पक्की केली. पट्टी लावायची की नाही, हा प्रश्न तिला विचारायचा नाही. "पट्टी लावूया का?" असं विचारलं की "नाही" हे तिचं खरं उत्तर असतं, आणि ते आपण मानणार नसू तर विचारणंच चूक. पण बाकी सगळं तिच्या हातात दिलं. मासा काढलेली पट्टी की फुलपाखराची, कोण चिकटवणार, कुठे बसायचं. पर्याय दोनच ठेवायचे. पाच-सहा पुढे ठेवले की ती त्यातच अडकायची आणि चिडायची.

वेळही तिनेच ठरवली. मी म्हटलं, "दोन तास हवेतच. ते दिवसातले कुठले, तू सांग." तिने जरा विचार करून सांगितलं, "आजी निवडायला बसते तेव्हा." दुपारची झोप झाली की सासूबाई चारच्या सुमाराला सूप घेऊन पडवीत बसतात आणि दिवेलागणीला उठतात. मला हे सुचलं नसतं. तिला घड्याळ कळत नव्हतं, पण आजीचा दिवस तोंडपाठ होता. दोन तास म्हणजे किती, हे तिला कधी सांगावंच लागलं नाही. देवाजवळ दिवा लागला की पट्टी निघते, एवढं पुरे होतं.

अंगणवाडीच्या ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, आम्हाला प्रशिक्षणात कोसबाडचं उदाहरण देतात. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याकडे गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. मूल येत नाही म्हणून त्याला बोल लावण्याआधी ते या वेळी कुठे असतं हे पाहायचं, असं ताईंचं म्हणणं. माझ्या लेकीचं कुरण आजीच्या सुपाशेजारी होतं.

तिथे काय चालायचं ते सांगते. सुपात तांदूळ, समोर वर्तमानपत्राचा तुकडा. आजी खडे काढून कागदावर टाकायची, लेकही काढायची. सुरुवातीला तिचं नाक जवळजवळ तांदळाला टेकायचं. साळीचा दाणा, फोलपट आणि खडा यातला फरक तिला दिसायचा नाही. सगळंच कागदावर जायचं, चांगले तांदूळसुद्धा. सासूबाई काही न बोलता तिचा छोटा ढीग परत सुपात सारायच्या आणि त्यातला एकच खडा तिच्या तळहातावर ठेवायच्या. "हा बघ. टोचतो." मग ती बोटाने चाचपायची, डोळ्याने पाहायची, पुन्हा चाचपायची. काही आठवड्यांनी चाचपणं कमी झालं. पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा तिने डाळीतला एक बारीकसा काळा खडा उचलून आजीसमोर धरला. आजीच्या नजरेतून तो सुटला होता. सासूबाईंनी तो खडा हळदीकुंकवाच्या करंड्यात ठेवलाय, अजून आहे.

पण याच सासूबाई पहिल्या काही दिवसांत हळूच पट्टी लवकर काढायच्या. लेकरू रडवेलं झालं की त्यांना बघवायचं नाही. "एवढंसं पोर, काय छळताय तिला." त्यांच्या मायेवर मी काय बोलणार? वाद घालण्यापेक्षा पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत नेलं. तिथे लेकीचा उजवा डोळा झाकून तक्ता वाचायला लावला. तक्त्यावर वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले इंग्रजी ई असतात आणि तोंड कुठे ते हाताने दाखवायचं असतं. वरचा भलामोठा ई तिने बरोबर सांगितला. खालच्या ओळींना आल्यावर ती हाताने हवेत कुठल्याही बाजूला दाखवायला लागली. सासूबाई पाहत होत्या. येताना बसमध्ये गप्प होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "उद्यापासून पट्टी मी लावीन." त्यानंतर घरात सगळ्यात ठाम कुणी असेल तर त्याच. घरातली मोठी माणसं एकमेकांचं ऐकत नसतील तर मुलाने कुणाचं ऐकायचं? लेकीची निम्मी रडारड त्याच आठवड्यात थांबली, कारण आता दाद मागायला दुसरं दार नव्हतं.

तिच्या मामाने चॉकलेटचा उपाय काढला होता. पट्टी लावलीस तर एक. लगेच भाव दोनवर गेला आणि पट्टीबद्दलचं बोलणं संपून फक्त चॉकलेटबद्दलचं उरलं. मी दादाला प्रेमाने थांबवलं. त्याऐवजी भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज पट्टी निघाली की तिने स्वतः लाल खडूने खूण करायची, एवढंच ठेवलं. खूण केली म्हणून काही मिळत नव्हतं. तरी ताप आला आणि पट्टी चुकली त्या दिवशी ती अंथरुणातून म्हणाली, "आज डाव्याचं शिकायचं राहिलं." टीव्हीला डॉक्टरांची हरकत नव्हती. पण तो आम्ही रविवारपुरता ठेवला, कारण रोज दिला असता तर तोही चॉकलेटच झाला असता.

एक छोटी सवय खूप उपयोगी पडली. चार वाजले की स्वयंपाकघरातून हाक मारायची नाही. जाऊन तिच्याशेजारी बसायचं, ती काय करतेय ते पाहायचं, आणि मग सांगायचं. "हे घर रंगवून झालं की पट्टी." बहुतेक वेळा ती घर पूर्ण करून स्वतःच चेहरा पुढे करायची. चालू काम मध्येच हिसकावलं की मोठी माणसंही वैतागतात, आणि मुलांच्या हातातलं काम त्यांच्या दृष्टीने आपल्याइतकंच महत्त्वाचं असतं.

मे महिन्यात सगळं बिनसलं. सांगलीचा उन्हाळा, त्यात पट्टीखाली घाम. कडेने लाल चट्टे उठले आणि तिने साफ नकार दिला. मी चट्ट्यांचे फोटो काढले आणि फोन केला. काही दिवस चष्म्याच्या काचेवर चढवायची कापडी पट्टी वापरायला सांगितली. या पट्टीच्या वरून मुलाला डोकावता येतं, म्हणून कुणीतरी सतत समोर बसायचं. चिकटपट्टी पुन्हा सुरू केल्यावर काढण्याआधी कडेला खोबरेल तेल लावून थोडं थांबायचं, हेही तिथेच शिकलो. अगदीच जमलं नाही तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालून त्याची नजर तात्पुरती धूसर करण्याचा मार्ग असतो, पण तो डॉक्टरांनीच ठरवायचा. आमच्यावर ती वेळ आली नाही. मला यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की तिने कारण सांगून नाही म्हटलं आणि ते कारण मानलं गेलं. चट्टे गेल्यावर ती कुरकुर न करता परत बसली.

लोकांचं काय? लग्नकार्यात कुणीतरी विचारायचंच, "अगंबाई, डोळ्याला काय झालं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडायचे आणि ती आधी सांगून मोकळी व्हायची, "काही नाही झालं. डावा डोळा शिकतोय." तिला माहीत होतं म्हणून तिला सांगता येत होतं.

याचा बाकीच्या गोष्टींवर परिणाम झाला का? काहींवर झाला. नखं कापताना आधी कुठलं बोट, हे ती ठरवते आणि हात पुढे करते. वेणीच्या वेळी मी मागून कंगवा घेऊन पळत नाही. कारल्याच्या भाजीच्या बाबतीत मात्र काहीही बदललेलं नाही, आणि त्यासाठी मी आग्रहही धरत नाही. सक्तीच्या गोष्टी जितक्या कमी, तितकी त्यांची सक्ती मुलांना पटते असा माझा अनुभव आहे. आमच्या घरात अशा मोजक्याच आहेत : पट्टी, दात घासणं, रस्त्यावर हात धरणं.

आता तिची नजर ६/९ वर आली आहे आणि पट्टी एक तासावर. एकदम बंद करत नाहीत, हळूहळू कमी करतात. बंद केल्यावरही तपासण्या चालू ठेवाव्या लागतात, कारण काही मुलांची नजर परत घसरते. चष्मा तर राहणारच आहे.

घरात एकाला आळशी डोळा असेल तर भावंडांनाही दाखवून घ्यावं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून धाकट्या जाऊबाईंचा तीन वर्षांचा मुलगाही परवा सोबत आला. थेंबांची बाटली पाहताच त्याने आईच्या पदरात तोंड लपवलं. आम्ही मोठी माणसं काही बोलायच्या आत लेक त्याच्यासमोर उकिडवी बसली. "चुरचुरतं," ती म्हणाली. "दहा आकडे मोजेपर्यंत. मग थांबतं. आधी कुठला डोळा, ते तू सांग." त्याने बराच वेळ विचार केला आणि उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं.