तुम्ही विचारलंत म्हणून: शिरोलीवरून विमान का उडत नाही?

"परदेशातल्या शहरांची हवा विमानातून मोजता, मग आपल्या शिरोलीची का नाही?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीपासून उद्यमनगरातल्या चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे विचारला जातो. तो मला लागतो, कारण बर्लिनवर २०१६ साली झालेल्या उड्डाणांच्या नोंदी अभ्यासताना माझ्या डोळ्यांपुढे शिरोलीच होती, कोल्हापूरजवळची लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांची, म्हणजे फाउंड्रींची, औद्योगिक वसाहत.

पण आधी माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी शिरोलीतल्या एका बैठकीत मी उपग्रहाचा नकाशा दाखवला. त्यात वसाहतीचा भाग फिकट निळा होता आणि "इथे प्रमाण कमी दिसते" असे मी बोलून गेले. मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या, पिशवीतून पाण्याच्या हंड्यावरची स्टीलची झाकणी काढून त्यांनी ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि तिच्यावरून बोट ओढले. बोटामागे चकचकीत रेघ उमटली. बाकी झाकणीवर फाउंड्रीच्या काळ्या वाळूची बारीक पूड बसली होती. "बाई, ह्ये निळं आमचंच घर हाय काय? मग ह्ये काय हाय?" मला उत्तर देता आले नाही.

उत्तर होते. तो नकाशा नायट्रोजन डायऑक्साइडचा होता. हा वायू सूर्यप्रकाशातला निळा भाग शोषतो, त्यावरून तो मोजतात. झाकणीवरची पूड त्यात येतच नाही. शिवाय उपग्रहाचा एक चौकोन सुमारे साडेतीन गुणिले साडेपाच किलोमीटरचा, म्हणजे भट्ट्या आणि भोवतालचे उसाचे फड एकाच सरासरीत. आणि नोंद दुपारी दीडच्या सुमाराची, रात्रीच्या ओतकामाची नव्हे. "नकाशा खोटे बोलत नाही" असे मी तेव्हा म्हणत असे. नकाशा खरा होता, पण मी त्याच्याकडून भलत्याच प्रश्नाचे उत्तर वदवून घेतले.

विमानातून चौकोन शंभर मीटरच्या आसपास येतो, धुराड्यामागे वाऱ्यासोबत ओढला गेलेला वायूचा पट्टा वेगळा दिसतो, म्हणून मला ते उड्डाण मनापासून हवे आहे. तरीही विमानापासून जमिनीपर्यंतच्या वायूची ती बेरीज असते. त्यातला किती नाकापाशी आहे, हे वारा आणि जमिनीलगतची हवा ज्या थरात घुसळून मिसळते त्या थराची उंची ठरवते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ढगांखालचे काही दिसणार नाही. पूड तर तेव्हाही दिसणार नाही. तिच्यासाठी गल्लीतच यंत्र बसवावे लागेल. मग आधी काय मागावे, विमान की गल्लीतले यंत्र? माझे मत अजून दर महिन्याला बदलते.