दोन सत्तेचाळीस

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. घरीच विलगीकरणात असलेल्या रुग्णांना फोन करायचं काम आमच्याकडे होतं. ताप किती, ऑक्सिजन किती, सहा मिनिटं चालल्यावर तो किती उतरतो, गोळ्या घेतल्या का. यादी संपेपर्यंत घसा बसायचा. मी समुपदेशक, पण त्या दिवसांत मीही नुसते आकडेच लिहून घेत होते.

शनिवार होता. पुण्यात कसबा पेठेतल्या एका घरी फोन लावला. गृहस्थ शेहेचाळीस वर्षांचे, अप्पा बळवंत चौकाजवळ वह्या-पुस्तकांचं दुकान, अर्थात तेव्हा बंद. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मी काही विचारायच्या आतच ते वाचू लागले, "बाराला सत्त्याण्णव, बारा दहाला शहाण्णव, बारा वीसला सत्त्याण्णव..." अख्ख्या रात्रीचे आकडे दर दहा मिनिटांनी वहीत उतरवलेले.

"मॅडम, श्वास पुरत नाही. बोटांना मुंग्या येतायत."

बोलताना धाप लागत नव्हती, वाक्य पुरं होत होतं. हात चोळून ऊब आल्यावर पुन्हा ऑक्सिमीटर लावायला सांगितला, कारण गार बोटांवर तो चुकू शकतो. सत्त्याण्णवच. तरी डॉक्टरांना लाइनवर घेतलं. त्या लाटेत 'नुसते घाबरलेत' म्हणून कुणाला सोडून देणं मला पटत नसे, अजूनही पटत नाही. डॉक्टरांनी त्यांना चालवलं, पुन्हा मोजलं. काळजीचं काही नव्हतं. भीतीने माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या येतात, असं त्यांनी समजावलं. फोन ठेवायची वेळ झाली होती. मी ठेवला नाही.

"दादा, दिवसाचे आकडे कुठायत?"

"दिवसा नाही मोजत."

"मग रात्रीच का?"

बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "झोप लागू नये म्हणून."

अकरा दिवसांपूर्वी त्यांचे वडील रुग्णालयात वारले. पहाटे दोन सत्तेचाळीसला वडिलांचा वॉर्डातून फोन आला होता. हे झोपले होते. सकाळी सहाला मिस्ड कॉल दिसला, सातला रुग्णालयातून निरोप आला. वैकुंठ स्मशानभूमीत दुरूनच हात जोडले. त्याच संध्याकाळी यांचा रिपोर्ट आला, दुसऱ्या दिवशी पत्नीचा. दहावाही झाला नाही. ओंकारेश्वराला जाणार कोण? वडिलांचा फोन, चष्मा आणि कवळी एका पिशवीत बांधून मिळाली होती. ती गॅलरीतल्या खुंटीला तशीच लटकत होती.

'तुमची काही चूक नाही' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते बोलले असते तर त्यांनी 'हो मॅडम' म्हणून फोन ठेवला असता. मी विचारलं, "त्याआधी किती रात्री जागे होतात?" ते मोजू लागले. खाटेसाठी वणवण, रेमडेसिविरच्या रांगा, वॉर्डाबाहेरची पायरी. चार रात्री. पाचवीला घरी येऊन जमिनीवरच आडवे झाले होते. हे सांगताना ते रडले. अकरा दिवसांत पहिल्यांदाच, असं म्हणाले.

मग मी सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. उलट बरेच जण विचारल्यावर सुटल्यासारखे बोलतात. "मरावं असं नाही," ते म्हणाले, "पण सकाळी उठावं असंही वाटत नाही." त्याच संध्याकाळी फोनवरून मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. मार्च २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. ते वाचताना मला ती वही आठवली.

रात्रीचंही ठरवलं. धायरीला राहणारे मेहुणे दहा ते सहा फोन उशाशी ठेवून जागे राहणार, कुणाचाही फोन आला तर तेच घेणार. "तुमचा पहारा आता त्यांच्याकडे," मी म्हटलं. मेहुण्यांनी एका शब्दात होकार दिला.

बुधवारी फोन केला. पाच तास झोपले होते. पिशवीतून चष्मा तेवढा काढून घेतला होता, बाकीचं नंतर बघू म्हणाले. मी यादीतल्या पुढच्या नावाकडे वळणार, तोच त्यांनी थांबवलं.

"मॅडम, वेळ आहे का? हिच्याशी बोला. ही अजून कुणाशीच बोललेली नाही."