दुखणं जाईना आणि ऑपरेशन नोट मिळेना : माझा अनुभव

चॉकलेट सिस्टचं, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) ओव्हरीत होणाऱ्या जुन्या रक्ताच्या गाठीचं, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि नीट झालं. टाके सुकले, ऑफिस सुरू झालं आणि दोनेक पाळ्या गेल्यावर तीच जुनी कळ परत आली. डावीकडे, खोलवर. शौचाला बसलं की पार माकडहाडापर्यंत जाणारी. सर्जन मॅडम सोनोग्राफी बघून म्हणाल्या, "ओव्हरीज क्लीन आहेत. आता चान्स घ्या, सगळं बरं होईल." सासूबाईंचंही पहिल्यापासून हेच मत, त्यामुळे त्या दिवशी घरात मॅडमचं भलतंच कौतुक झालं.

मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डिस्चार्ज कार्ड उलटसुलट करून बाजूला ठेवलं. "सिस्ट काढली, चिकटलेलं सोडवलं, एवढंच लिहिलंय. आत काय दिसलं, काय कापून काढलं, काय नुसतं जाळलं, काय तसंच ठेवलं? ऑपरेशन नोट आणि बायॉप्सी रिपोर्ट आणा."

रेकॉर्ड विभाग तळघरात. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "डिस्चार्ज कार्ड दिलंय ना? नोट इंटर्नल असते." मग सर्जनची सही आणा. सर्जनच्या रिसेप्शनवर उत्तर, "ते रेकॉर्डवालेच देतात." मग फाइल इन्शुरन्स डेस्कला गेलीय. इन्शुरन्स डेस्क म्हणे, कधीच परत पाठवली. पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून मी लोखंडी खुर्चीवर बसलेली, आणि हे विचारतात, "कोर्टात जायचंय का मॅडम?" तोपर्यंत खरंच जायचं नव्हतं.

ओळखीतल्या एका वकील ताईंनी वाट दाखवली. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत कलम १.३.२ आहे: पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे. ते कलम घालून अर्ज लिहिला, दोन प्रतींत. पोच द्यायला गृहस्थ तयार नाहीत. मी खिडकीसमोरून हलले नाही. मागची रांग कुरकुरायला लागली तेव्हा शिक्का बसला, आणि इतके दिवस हरवलेली फाइल लगेच सापडली! ऑपरेशनचा व्हिडिओ मात्र "ठेवत नाही".

नोटमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: गर्भाशयामागे आतडं चिकटलेलं, डाव्या युटेरोसेक्रल लिगामेंटवर (गर्भाशयाला मागे माकडहाडाकडे धरून ठेवणाऱ्या पट्ट्यावर) त्याच आजाराच्या गाठी, आतड्याला इजा होण्याचा धोका म्हणून काढल्या नाहीत. न काढणं चुकीचं नव्हतं, असं नव्या डॉक्टरही म्हणाल्या. पण मग मला सांगायला काय झालं होतं? क्लीन म्हणे.

पुढचं भराभर झालं. एमआरआय, मग रोज डायनोजेस्ट ही हॉर्मोनची गोळी, २ मिलिग्रॅम, खंड न पाडता. सुरुवातीला अधूनमधून डाग पडत राहतात, घाबरून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. शिवाय पेल्व्हिक फ्लोअरची फिजिओथेरपी, कारण वर्षानुवर्षं दुखून ओटीपोटाचे खालचे स्नायू आवळूनच बसलेले असतात. यूट्यूब बघून कीगल, म्हणजे हे स्नायू आवळायचे व्यायाम, सुरू करू नका. आवळलेल्या स्नायूंना ते आणखी आवळतात, माझं दुखणं त्याने वाढलं होतं. आता दुखतं, पण रजा टाकावी लागत नाही.

डॉक्टरांना नुसतं "दुखतं" सांगू नका. शौचाला, लघवीला, संबंधाच्या वेळी, पाळी नसताना, कधी ते वहीत लिहून न्या. बायॉप्सीचा रिपोर्ट वेगळा मागा, माझ्या फाइलमध्ये तो नव्हताच, पॅथॉलॉजीत मिळाला. आणि त्याच नियमावलीप्रमाणे भरती पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं ठेवायचं बंधन आहे. ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेली असतील तर अर्ज याच आठवड्यात टाका.