काचेला भोक न पाडता संपसाठी सायफन ओव्हरफ्लो

माशांची टाकी ९० × ४५ सेंमीची, काच टेम्पर्ड (उष्णतेने कडक केलेली). अशा काचेला ड्रिल लावलं की ती फुटतेच, म्हणून पाणी काठावरून संपमध्ये, म्हणजे खालच्या दुसऱ्या टाकीत जिथून पंप ते परत वर चढवतो, उतरवणारा सायफन पीव्हीसी पाइपचा केला.

आधी पंप खरंच किती पाणी देतो ते मोजलं. टाकीच्या उंचीवर नळी धरून १० लिटरची बादली ४५ सेकंदांत भरली, म्हणजे ताशी ८०० लिटर. पहिल्यांदा दीड इंची पाइप घेतला, ती चूक झाली. एवढ्या पाण्याचा वेग त्यात सेकंदाला जेमतेम २० सेंमी राहतो, बुडबुडे वरच्या आडव्या भागात साचत जातात आणि काही तासांत सायफन तुटतो, म्हणजे पाणी उतरणं थांबतं. एक इंचीत वेग ४५ सेंमीपर्यंत जातो आणि बुडबुडे पाण्याबरोबर निघून जातात.

सामान थोडंच लागतं: पाइप, सात एल्बो (काटकोनी जोड), एक टी (तीन तोंडांचा जोड). टाकीत वरून उघडा उभा पाइप, तोंडाला करवतीने ३ मिमीच्या खाचा. तो २० सेंमी खाली जाऊन वळतो, वर चढतो, काठ ओलांडतो, बाहेर तितकाच खाली उतरून पुन्हा वर येतो आणि टीला मिळतो. दोन्हीकडच्या या वळणांत पाणी अडून राहतं, म्हणून वीज गेली तरी सायफन टिकतो. टीचं वरचं तोंड मात्र उघडंच हवं. ते बंद केलं तर खालचा पाइप बाहेरच्या वळणातलं पाणीही ओढून नेतो.

टीची उंची ठरवण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. ती फार खाली असली की आतल्या उभ्या पाइपात पाणी धबधब्यासारखं कोसळतं आणि हवा आत ओढतं. फार वर असली की टाकी चढते. माझ्याकडे खाचांच्या खाली १० सेंमीवर जमलं. तोवर टीखालचा तुकडा न चिकटवता ठेवला, खाली बादली. काठावरचे सांधे मात्र पहिल्यापासून सॉल्व्हेंट सिमेंटने पक्के केले. तिथे फट राहिली तर पाणी गळत नाही, हवा आत शिरते, त्यामुळे नुसतं बघून दोष कळत नाही.

सायफन भरायला वरच्या आडव्या पाइपला बारीक छिद्र पाडून एअरपंपाची नळी घट्ट बसवली, हवा ओढून घेतली आणि नळीला चिमटा लावला.

तरीही सायफन कधीतरी तुटणार असं धरूनच संप आखला. पंपाच्या कप्प्यात १५ लिटरच पाणी ठेवलं. टाकीत १ सेंमी म्हणजे सुमारे ४ लिटर, त्यामुळे कप्पा रिकामा झाला तरी पातळी पावणेचार सेंमीच चढते. वर जागा ४ सेंमी. चिमटा मुद्दाम उघडून पाहिलं: मिनिटभरात पाणी काठाच्या ३ मिमी खाली येऊन थांबलं. पंप कोरडा फिरायला लागताच बंद केला, नाहीतर तो जळतो. उलट बाजूने, पंप थांबल्यावर रिटर्न पाइपातून (पंपाचं पाणी टाकीत आणणाऱ्या) टाकी उपसली जाऊ नये म्हणून त्याला पाण्याच्या पातळीखाली १ सेंमीवर ४ मिमीचं छिद्र आहे. त्यात शेवाळ धरतं, म्हणून पाणी बदलताना दर वेळी ते काडीने मोकळं करतो.